सात वर्षांची गॅरंटी आणि केळीचा चीक

सावदा, मळ्यातलं घर
मे १९९४ (तारीख टाकतो आणि पत्र पुरं होत नाही, म्हणून या खेपेला टाकलीच नाही)

तीर्थस्वरूप तोताराममामांच्या पायांवर भाचा भिकन याचं डोकं. (आपल्याकडे भाच्याने मामाच्या पाया पडायचं की मामाने भाच्याच्या, यावर दोन मतं आहेत. या पत्रापुरतं मीच पडलेलं बरं. शेवटपर्यंत वाचलं की तुम्हालाही पटेल.)

मामा, पत्राला उशीर झाला. लिहायला बसलोच नाही असं नाही, रोज बसतो. एकदा रिफील संपली. एकदा मळ्यातला गडी उखर्डू बोलवायला आला की विहिरीवरची मोटार पाणी ओढत नाही, तिथे आम्ही दोघं मोटारीकडे बघत बसलो. एकदा सर्कशीची जाहिरात करणारी रिक्षा रस्त्याने गेली, तिच्यामागे फाट्यापर्यंत गेलो आणि तिथून फैजपूरपर्यंत गेलो, आणि सर्कस भुसावळला आहे हे तिथे कळलं. पण ही सगळी वरवरची कारणं. खरं कारण असं की तुमची दोन कार्डं आली आणि दोन्हींत शेवटी एकच प्रश्न, "गाडीचा रंग कसा आहे?" त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ आहे, पण ते कार्डात मावत नाही.

मामींचा डोळा कसा आहे? पट्टी अजून आहे ना? (असावी अशी माझी इच्छा आहे. का ते पुढे येईल.) धुळ्याचं ऊन सोसतं का? माझी आई तुम्हाला तिच्या घरी रोज डाळीचे वाफवलेले फुणके आणि कढी करून घालत असेल, आणि वर 'सुमन, डोळ्याले ताण देऊ नको' असं म्हणत स्वतःच दिवसभर बोलत असेल. एवढी विनंती की हे पत्र एकटे वाचा. मामी जवळ नकोत, त्यांचा कान फार तिखट आहे. आई तर अजिबात नको. ती ऐकेल आणि कपाळाला हात लावून म्हणेल, "बठ्ठं जग सुधरी जाई, पन मना आंडोर सुधराव नही." हे तिचा मुलगा म्हणून मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की मला ते माझं दुसरं नावच वाटतं.

आता मुद्द्यावर येतो. तुम्हाला बरंचसं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगतो, कारण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला शेवटापर्यंत जाता येत नाही. (शाळेत उलटं झालं. पहिल्यापासून सुरू केलं आणि शेवटापर्यंत गेलोच नाही.) पाडव्याला आपली मारुती आली. तिला ओवाळायला मामी निरांजन घेऊन बाहेर आल्या आणि गाडी सोडून शेजारच्या ड्रमला ओवाळायला लागल्या, तेव्हा सगळे हसले, त्यासुद्धा हसल्या, फक्त तुम्ही हसला नाहीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. तुम्ही त्यांचा हात धरून बॉनेटवर ठेवलात. त्यांनी तो इकडून तिकडे फिरवला, जसा वासराच्या पाठीवरून फिरवतात तसा, आणि म्हणाल्या, लोण्यासारखी आहे. रंगही त्यांनीच सांगितला होता. पांढरा घ्या, तेवढा एकच मला अजून थोडा कळतो. आणि मग तुम्ही दार उघडलंत तेव्हा त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, पाहीन तेव्हा बसीन. म्हणून तर दारात नवी गाडी असताना तुम्ही दोघं डोळ्याच्या ऑपरेशनला धुळ्याला एसटीने गेलात, आणि जाताना मला सांगून गेलात, भिकन, चांगल्यातलं चांगलं बघून रंगाला काहीतरी लावून ठेव. उन्हाने रंग जातो. ती येईल तेव्हा गाडी आज आहे तशी दिसली पाहिजे.

मामा, हे काम तुम्ही मला का दिलंत? मला आजवर कोणी निवड करायला सांगितलेलं नाही. घरी भाजीसुद्धा दुसऱ्याकडून आणवतात. पण मला बरं वाटलं. बोअरवेलच्या गाडीवर क्लिनर होतो तेव्हा चालवायला शिकलो, एवढ्या एका गुणावर तुम्ही घराच्या आणि गाडीच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. मी ठरवलं, की या कामात घाई करायची नाही. आणि तेवढं मात्र मी तंतोतंत पाळलं.

आधी चौकशी केली. पलीकडच्या मळ्यातले म्हातारे जीवरामनाना म्हणाले, "अरे भो, गाड्याले जवसाचं तेल पाजलं त वीस वर्सं काही व्हत नाही. हे त लहानसं डबडं." मी म्हटलं नाना, तो लाकडाचा गाडा, हे पत्र्याचं. ते म्हणाले, मग पत्र्याचं घेतलंच कशाला. शेजारच्या पुष्पाबाईंचं म्हणणं, गाडी आली तेव्हा सीटवर प्लास्टिक होतं तसं वरूनही प्लास्टिक घालून आणायचं, त्यांच्या जावयाच्या सोफ्यावरचं प्लास्टिक लग्नापासून निघालेलं नाही आणि सोफा अजून कोणाच्याही अंगाला लागलेला नाही. मग मी जळगावला गेलो. तिथल्या दुकानदाराने मेणाचा डबा दाखवला. सरळ माणूस, खोटं बोलला नाही. म्हणाला, मऊ फडक्याने लावा, पुसा, दर पंधरा दिवसांनी न चुकता. मामा, तिथेच माझं मन उडालं. दर पंधरा दिवसांनी न चुकता एकच काम करायचं म्हटलं की मला आधी स्टेशन दिसायला लागतं.

आणि स्टेशन जवळच होतं. फलाटावर कोणीतरी म्हणालं की पाचोऱ्याला एकाकडे याहून चांगलं मेण मिळतं, मिलिटरीच्या गाड्यांना लावतात ते. गेलो पाचोऱ्याला. मेणवाला सापडला नाही, पण जामनेरला जाणारी ती लहान गाडी उभी होती आणि तिला बघून मला राहवलं नाही. इतकी हळू जाते की एक आजोबा मध्येच उतरून कडेच्या शेतातल्या माणसाशी बोलून पुन्हा चढले. (असं मला वाटलं. कदाचित ते दुसरे आजोबा असतील.) जामनेरला पोचून काय करायचं हे ठरलेलं नव्हतं, म्हणून त्याच गाडीने परत आलो. एवढं सांगायचं कारण, त्या दिवशी मी तो साधा मेणाचा डबा घेतला असता तर हे पत्र चार ओळींचं झालं असतं.

परत येताना जळगावच्या स्टँडमागे रुपचंद भेटला. भेटला म्हणजे गर्दी होती म्हणून मी आत घुसलो. मध्ये एक निळी स्कूटर आणि तिच्याशेजारी टाय लावलेला रुपचंद. एवढ्या उन्हात टाय लावणाऱ्याबद्दल मला आदरच वाटला. त्याने स्कूटरवर चहा ओतला, पुसला. जळकं ऑईल ओतलं, पुसलं. मग तोंडातलं पान तिच्यावर थुंकला आणि तेही पुसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रंगावर काचेसारखा थर बसवणारं औषध होतं त्याच्याकडे. एकदाच लावायचं, सात वर्षांची गॅरंटी. एकदाच! मी विचारलं, सात वर्षांत काहीच करावं लागत नाही? तो म्हणाला, "भाऊ, हा थर वाळला की जे आत ते आत आणि जे बाहेर ते बाहेर. मध्ये कोणाचं काही चालत नाही." हे वाक्य मला इतकं आवडलं की मी बाटली घेतली. फक्त एक पथ्य सांगितलं त्याने. लावल्यावर एक रात्र गाडी गार सावलीत ठेवायची. धूळ बसू द्यायची नाही. कापड टाकायचं नाही, धागे चिकटतात. प्लास्टिक तर नाहीच नाही.

मामा, इथून पुढे मी जो विचार केला त्यात कुठे चूक आहे ते मला अजूनही नीट सापडत नाही. आपल्या दारात कडुलिंब आहे, पण त्याच्यावर कावळे आहेत. गोठ्यात गाय आहे, आणि ती चाटते. छप्पर असलेली जागा खताच्या पोत्यांनी भरलेली. मग या दिवसांत सगळ्या खानदेशात गार जागा कोणती? केळीची बाग. आत शिरलं की बाहेरची भट्टी विसरायला होते. म्हणून औषध लावून झाल्यावर मी गाडी हळूच बागेत नेली, दोन ओळींच्या मधल्या वाटेवर उभी केली. आता धूळ. वरून काहीतरी झाकायला पाहिजे, पण ते चिकटणारं नको. मी तिथेच बसून विचार करत होतो आणि समोर ट्रकमध्ये माल भरणं चाललं होतं. तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे ट्रकच्या तळाशी केळीची पानं, घडांच्या मध्ये केळीची पानं, वरून केळीची पानं. एवढ्या नाजूक मालाला दिल्लीपर्यंत ओरखडा नाही. शिवाय केळीच्या पानाला काही चिकटत नाही. पाणी थांबत नाही, गरम भात चिकटत नाही. मामा, मला जे हवं होतं ते देवाने झाडाला लावून ठेवलेलं होतं!

उखर्डूने विळ्याने ताजी, लांबरुंद पानं कापून दिली. मी एकदाच विचारलं (मी धुळ्याकडचा, बाजरी-कापसातला माणूस), उखर्डूभाऊ, यांच्या चिकाचं काय? तो म्हणाला, "चीक कापडाले धरते. लोखंडाले काय धरीन?" ट्रक भरणारे सगळे मान हलवत म्हणाले, बरोबर आहे. त्या सगळ्यांच्या अंगावरचे कपडे चिकाने काळे पडलेले होते, आणि त्या सगळ्यांच्या हातातले विळे लखलखीत होते. याहून मोठा पुरावा काय पाहिजे? आम्ही गाडी नवरीसारखी झाकली. पानं देठासकट, देठ वरच्या बाजूला, म्हणजे वाऱ्याने सरकायला नकोत.

सकाळी पानं काढली. मामा, गाडी आरशासारखी होती. माझी दाढी वाढलेली मला तिच्यात दिसली. इथेतिथे पाण्याचे थेंब ओघळून वाळल्यासारखे वाटले, मी म्हटलं दंव असेल. (मे महिन्यात दंव कुठून, हे मला तेव्हा सुचलं नाही.) मी आनंदाने तुम्हाला ते कार्ड लिहिलं, "गाडी आरशासारखी आहे, मामींना सांगा," आणि पळत जाऊन पेटीत टाकलं. त्या कार्डातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. सकाळपुरतं.

ताजा चीक पाण्यासारखा असतो. तो दिसत नाही. ऊन लागलं की हळूहळू रंग धरतो, हे इथल्या पोराटोरालाही ठाऊक आहे. उन्हं चढली तसे टपावर पिवळसर ओघळ उमटले. मग ते विटकरी झाले. जेवून आलो तर चहासारखे. संध्याकाळी पक्के काळपट तपकिरी. टपावरून दारांवर, दारांवरून खाली, आणि बॉनेटवर एक मोठा, पसरलेला. जिथे जिथे देठ होता तिथे तिथे. जीवरामनाना आले, चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, गाडी कोणावर रडली रे?

आता डाग काढायचा. मी मूळचा सोनगीरचा. आमच्या तांबट आळीत पितळेवरचा कसलाही डाग चिंचेने आणि राखेने निघतो, हे मी पाळण्यात असल्यापासून पाहिलंय. तुम्ही म्हणाल गाडी म्हणजे काही हंडा नाही. हे मला घासून झाल्यावर समजलं. डाग तसाच राहिला, भोवतालची चकाकी मात्र गेली, त्यामुळे डाग आता आधीपेक्षा उठून दिसतो. रॉकेलने वास आला. ताकाने गाय आली.

मग रुपचंदला शोधत पुन्हा जळगाव गाठलं. गाडीच घेऊन गेलो. त्याने वाकून पाहिलं, नखाने खरवडलं, खिशातला रुमाल काढून पुसलं, आणि मामा, त्याचा चेहरा उजळला. तिथल्या गर्दीला हाक मारून म्हणाला, "या, या, बघा! केळीचा चीक आहे. ओल्या थरात शिरला आणि आत बसला. चिंच लावली, राख लावली, रॉकेल लावलं, हलला का? याला म्हणतात गॅरंटी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघांनी माझ्यादेखत बाटल्या घेतल्या. म्हणजे मामा, रंगाचं संरक्षण झालेलंच आहे. फक्त डागांचंही झालं. जे आत ते आत.

हिलाल पेंटरचंही सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला मागून दिसेल. ट्रकवर देखावे काढणारा हिलाल म्हणाला, डाग झाकायचा कशाला, त्याचा मोर करू. बॉनेटवरचा डाग म्हणजे तयार पिसारा आहे, असं त्याचं मत. आधी हात बसवायला म्हणून त्याने डिकीवर सुरुवात केली. मान काढून झाली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मामी आल्या, पहिल्यांदाच आपली गाडी बघताहेत आणि समोर मोर, आणि मी ओरडून त्याला थांबवलं. तेव्हा सध्या डिकीवर निळी मान आहे. बाकीचा मोर नाही.

मामा, आतापर्यंत मी हे हसत लिहितोय असं वाटेल. तसं नाही. रोज संध्याकाळी मी गाडीजवळ जाऊन बसतो. तुमच्या घरात मला कोणी "सध्या काय करतोस" असं विचारत नाही. मामी तर कधीच नाही. मी फाटकातून आत आलो की त्यांना चपलेच्या आवाजावरून कळायचं, आणि त्या आतूनच विचारायच्या, भिकन, जेवला का? महिन्याने आलो तरी तेच, वर्षाने आलो तरी तेच. मी कुठे होतो, कुठलं काम सोडलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही, म्हणून तर मी फिरून फिरून इथेच येतो. त्यांना एकच रंग कळायचा उरला होता. पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा काय बघायचं हे त्यांनी पाडव्यापासून ठरवून ठेवलं होतं. आणि तेच नेमकं मी त्यांच्यासाठी जपायला घेतलं. नुसती लिंबाखाली सोडली असती तर कावळ्यांनी केली असती तेवढीच घाण झाली असती, आणि ती पाण्याने गेली असती.

मला रागवा. पण मामींना काही सांगू नका. बागेला पाणी व्यवस्थित चाललंय. गाय बरी आहे. घराच्या आणि गाडीच्या किल्ल्या खुंटीला लावल्या आहेत, म्हणजे मी कुठे निघून गेलो तरी शोधायला नकोत. आईला नमस्कार.

तुमचा, पण तुम्ही म्हणाल तर कोणाचाच नाही असा,
भिकन

ता. क. खरं म्हणजे पत्र याच्यासाठी लिहिलं. मामींच्या डोळ्यावरची हिरवी पट्टी आणखी थोडे दिवस ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचारून बघा. डोळ्याला विश्रांती म्हणून. गाडीला पुन्हा रंग मारायला हिलालचा एक ओळखीचा तयार आहे (देखावे न काढणारा), पण त्याच्याकडे आधी एक लग्नाची बस आहे. पट्टी ठेवता येत नसेल तर काळा चष्मा जरा जास्त काळा मिळतो का बघा.

दुसरा ता. क. वरचं सगळं मी घाबरून लिहिलंय. आज सकाळी फाटकापाशी उभं राहून पाहिलं, तिथून डाग जवळजवळ दिसत नाहीत. माहीत नसेल तर सावलीच वाटते. मामींनी फाटकापासूनच पाहिली आणि लगेच आत गेल्या तर काही अडचण नाही. तेव्हा पट्टीचं एवढं मनावर घेऊ नका.

तिसरा ता. क. मामा, पाकीट चिकटवत होतो आणि फाटकाशी रिक्षा थांबली. मामी! सोबत आईच्या शेजारणी, यशोदाबाई मावशी. तुम्ही सोनगीरला कोणाच्या तरी मयतीनंतर दारावर बसायला गेलात आणि तुमच्या मागे या दोघी पहाटेची एसटी धरून निघाल्या. पट्टी परवाच निघाली म्हणे, तुमचं मला कळवायचं राहिलं होतं. आईने अडवलं तर मामी म्हणाल्या, "गाडी आरशासारखी हाये, कार्ड आलं न. मंग मी इथी काय करू?"

मी पळत बाहेर गेलो आणि बॉनेटपुढे हात पसरून उभा राहिलो. मामी फाटकातच थांबल्या होत्या. काळा चष्मा कपाळावर सरकवून, डोळ्यांवर हाताची सावली धरून बघत होत्या. मग तिथूनच म्हणाल्या, "काहून रे भिकन, किती वाळला तू! दाढी केव्हा करशीन? आन गाडी केळीत नेली व्हती का? टपावर चीक पडला न." मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. जवळ आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली, मागून विचारलं, "हा बगळा कोनी काढला?" मग पुढे येऊन डोळे मिटले, बॉनेटवर हात ठेवला आणि इकडून तिकडे फिरवला, डागावरूनसुद्धा. म्हणाल्या, "हां, हेच ते. हाताले काही लागत नाही." आणि स्वतःच दार उघडून पुढच्या सीटवर बसल्या. म्हणाल्या, "पाह्यली. आता चालव." किल्ल्या घ्यायला आत आलोय, तेवढ्यात हे लिहितोय.

मामा, पट्टीचं डॉक्टरांना विचारू नका. ऑपरेशन फार चांगलं झालं आहे.